तीन मिनिटांचा नियम

सरासरीला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे माझ्या तोंडून चुकून काही शहाणपणाचं निघालं तर कुणाचा गैरसमज व्हायला नको.

सरासरी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो तक्रार विभागाचा प्रमुख. त्याच्या हॉलच्या भिंतीवर एक पडदा होता आणि त्यावर दिवसभर एकच आकडा झळकत असायचा : फोन करणाऱ्याला सरासरी किती सेकंद थांबावं लागलं. आकडा चाळीसच्या खाली असला की साहेब शीळ घालत फिरायचे. वर चढला की कुणाच्या तरी खुर्चीमागे येऊन नुसते उभे राहायचे, काही न बोलता, मानेवर श्वास सोडत. फोन घेणाऱ्या मुलींनी त्याचं बारसं केलं, आणि ते नाव त्याला असं चिकटलं की चहावालासुद्धा ‘सरासरी साहेबांचा बिनसाखरेचा’ म्हणून कप वेगळा काढायचा.

त्या मुलींमध्ये माझी धाकटी बहीण होती. सहा वर्षं तिने तिथे कानाला हेडसेट लावून लोकांच्या शिव्या गोड आवाजात झेलल्या. घरी आली की नकला करायची. बाराव्या मजल्यावरची रागीट आजी, कुत्र्यासकट अडकलेला वकील, लिफ्टमध्ये आरसा नाही म्हणून तक्रार करणारी नवी नवरी. आई हसून हसून पदर तोंडाला लावायची. आमच्या घरात वडील गेल्यानंतर जो काही आवाज उरला होता तो धाकटीचाच.

मागच्या वर्षी एके दिवशी सकाळी सव्वादहाला एका जुन्या इमारतीत वीज खालीवर झाली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एकटे निवृत्त मास्तर. मोबाइल घरी विसरलेला. लिफ्टमध्ये एक लाल बटण असतं, ते दाबलं की थेट कंपनीला फोन लागतो. मास्तरांनी ते चार वेळा दाबलं. पावणेदोन तासांनी रखवालदाराला पत्ता लागला, दार उचकटून त्यांना बाहेर काढलं, आणि संध्याकाळी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. हृदय आधीच कमकुवत होतं म्हणे.

चौकशी झाली. सरासरीने महिन्याचा अहवाल टेबलावर ठेवला. त्या अहवालात फोन कसा संपला ते सांगायला दोनच चौकटी असतात : ग्राहकाने ठेवला, किंवा कंपनीने ठेवला. मास्तरांच्या चारही फोनपुढे खूण होती ती दुसऱ्या चौकटीत. सकाळच्या पाळीत दोघीच असायच्या; त्या दिवशी दुसरी मुलगी रजेवर होती आणि खुर्चीवर एकटी धाकटी होती. सरासरीने फक्त तिच्याकडे बघितलं. म्हणाला, “मला फार वाईट वाटतं, पण आकडे खोटं बोलत नाहीत.” झालं. खापर फोडायला डोकं मिळालं आणि त्याच दिवशी धाकटी डबा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी घेऊन घरी आली.

तिने भांडायला हवं होतं. मी तिला तसं म्हटलंही, ओरडून म्हटलं. पण ती भांडणार कशी? तिला स्वतःलाच खात्री नव्हती. या कामात मुके फोन रोज येतात. उचलावं तर पलीकडे काही नाही, नुसती खरखर. दोनदा हॅलो म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. त्या सकाळी तिने असे तीन-चार फोन ठेवले होते.

“ताई, त्यातलाच एक त्यांचा असेल का गं?” ती जेवताना मधेच विचारायची. “म्हणजे त्यांना बोलता येत नसेल, आणि मी ठेवला असेल?”

“नसेल,” मी म्हणायचे.

“पण तुला काय माहीत?”

मला काहीच माहीत नव्हतं. घरात फोन वाजला की ती उठून गॅलरीत जायची आणि तो थांबेपर्यंत वाळत घातलेले कपडे पुन्हा पुन्हा सारखे करायची. नकला बंद झाल्या. आई आल्यागेल्याला सांगायची, तिला जरा बरं नाही. असे अकरा महिने गेले. एवढी बोलकी पोर, तिला एका माणसाने एका चौकटीत बसवून मुकी केली. मी त्याच्यावर डूख धरला तो त्या जेवणाच्या टेबलावर.

आता माझ्याबद्दल. ऑफिसांच्या फोनच्या संगणक यंत्रणा बसवणं हे माझं काम. फोन आला की तो कुठे जाईल, आधी कुठला आवाज ऐकू येईल, एक दाबलं तर कोण, दोन दाबलं तर कोण, कुणीच उचलला नाही तर काय, हे सगळं मी बाण काढून काढून आखते आणि मग यंत्रात भरते. सरासरीच्या कंपनीतली यंत्रणा पाच वर्षांपूर्वी मीच बसवली होती. नंतर आमच्या कंपनीशी त्याचं बिनसलं आणि त्याने आमचं येणंजाणं बंद केलं. त्यामुळे धाकटीवर बालंट आलं तेव्हा मला आत डोकावायची सोय नव्हती. यंत्रणा त्याची, किल्ली त्याच्याकडे.

आणि मग देवाने नाही, सरासरीच्या कंपनीच्या मालकीणबाईंनी माझं ऐकलं. त्यांना नवीन यंत्रणा हवी होती, फोन आणि मेसेज दोन्ही एकाच ठिकाणी चालवणारी, आणि ती पुरवणारे आम्हीच. माझं नाव यादीत आलं तेव्हा मी आमच्या साहेबांना म्हटलं, हो, जाते की. आवाज अगदी साधा ठेवला. धाकटी माझी बहीण आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. ती लग्न मोडून माहेरी आली तरी आडनाव सासरचंच लावायची. आणि सरासरीला तंत्रज्ञाच्या चेहऱ्याकडे बघायची सवयच नव्हती. पाच वर्षांपूर्वी ह्याच बाईने ह्याच खोलीत तारा ओढल्या, हेही त्याला आठवलं नाही. मला म्हणाला, “मॅडम, लवकर उरका. जुना सगळा डेटा नव्यात आला पाहिजे. माझी पाच वर्षांची सरासरी आहे ती.”

आणते ना, मी म्हटलं. एकूण एक आणते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, सर्व्हरच्या त्या गारठलेल्या खोलीत, मला मास्तरांचे चार फोन सापडले. महिन्याच्या अहवालात दोन चौकटी असतात, पण यंत्राच्या पोटात प्रत्येक फोनचं एक पूर्ण पान असतं. त्याला आम्ही कॉलचा प्रवास म्हणतो. आठ रकाने : वेळ, कुठून आला, कुठल्या रांगेत गेला, किती थांबला, कुणाच्या टेबलावर वाजला, कसा संपला, कुठल्या नियमाने संपला, आणि शेवटी, तो नियम कुणी लिहिला.

कुणाच्या टेबलावर वाजला, हा रकाना चारही वेळा कोरा होता. फोन धाकटीपर्यंत पोहोचलाच नव्हता. ती इतर लोकांशी बोलत होती, मास्तर तिच्या मागे रांगेत होते, आणि बरोबर एकशे ऐंशी सेकंद झाल्यावर यंत्राने त्यांना कापलं. चारही वेळा.

लिफ्टचे फोन साध्या रांगेत मुळी यायलाच नको होते. त्यांची लाइन मी वेगळी ठेवली होती, सगळ्या टेबलांवर एकदम वाजणारी, लाल दिव्याची. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ती साध्या रांगेत आणून सोडली होती, आणि कुणी ते तिसऱ्या रकान्यातच छापलेलं होतं : बदल, तक्रार विभाग प्रमुख. का ते कळायला मला फार वेळ लागला नाही. लाल दिवा लागला की मुली बाकीचे फोन सोडून आधी लिफ्टचा उचलायच्या, आणि साधी रांग तेवढी थांबायची. तो लाल दिवाच काढला की सरासरी झकास खाली येते. भिंतीवरच्या आकड्यासाठी ह्या माणसाने जिवावरचे फोन आणि गेलेल्या बल्बची तक्रार एकाच रांगेत उभे केले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मी शेवटचा रकाना वाचला. नियम चौदा, तीन मिनिटांनंतर बंद. लिहिणाऱ्याचं नाव माझं.

विसरले नव्हते मी. पाच वर्षांपूर्वी त्याने सांगितलं होतं, तीन मिनिटांच्या वर कुणी थांबता कामा नये. मी विचारलं, मग तीन मिनिटांनी फोन कुठे पाठवू? तो म्हणाला, कुठेच नाही, बंद करा; कापलेले फोन सरासरीत धरत नाहीत. मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींची एकच शिकवण होती : बाण हवेत सोडायचा नाही, त्याच्या टोकाला माणूस तरी हवा नाहीतर निरोपाची पेटी तरी. मला ते त्या वेळीही आठवलं होतं. पण शुक्रवार होता, मला घरी जायचं होतं, आणि ग्राहक सांगेल ते करावं असं मी मनाशी म्हटलं. साधीच तर रांग आहे. कापला तर करतील लोक पुन्हा.

फोनबरोबर रेकॉर्डिंगही होतं. माणूस रांगेत थांबलेला असतो तेव्हाही यंत्र ऐकत असतं, हे लोकांना माहीत नसतं. मी कानाला लावलं. आधी आमची ती कायमची बाई : आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया थांबा. आणि मग एक म्हातारा, सभ्य आवाज, “हो हो, थांबतो की. बाई, मी तिसऱ्या मजल्यावरचा मास्तर. लिफ्ट अडकलीय. घाई नाही, पण जरा धाप लागतेय.” ते तिला खरी बाई समजत होते. दर अर्ध्या मिनिटाने ती तेच म्हणायची आणि ते दर वेळी उत्तर द्यायचे. दुसऱ्या फोनला म्हणाले, “बाई, मघाशी फोन तुटला. तुमचा दोष नाही हो, लाइनच तशी असेल.” चौथ्याला ते फारसं बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन धाकटीला हे सांगायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पान माझ्या पिशवीत होतं, रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. ती नेहमीसारखी समोर बसली होती, भाताची शितं बोटाने एकीकडे सारत. मी काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, हिला सांगितलं तर ही कुणाजवळ तरी रडेल, त्याला कुणकुण लागेल, तो सगळं पुसून टाकेल. ते खोटं होतं. नक्कल माझ्याकडे होती, पुसून काय पुसणार? खरं असं की एकोणीस दिवसांनी नव्या यंत्रणेचं उद्घाटन होतं. मालकीणबाई, सगळे विभागप्रमुख आणि मोठमोठ्या चाळीस इमारतींचे सचिव येणार होते. सरासरी स्वतः सगळ्यांना ती चालवून दाखवणार होता, आणि त्यानंतर त्याला वरची खुर्ची मिळणार असं सगळीकडे बोललं जात होतं. मला तो त्या दिवशी हवा होता. कोपऱ्यात नको, बंद खोलीत नको. सगळ्यांसमोर, नव्या सुटात.

तिसऱ्या आठवड्यात त्याने मला बोलावलं. “मॅडम, एखाद्या फोनचा प्रवास पडद्यावर दाखवू. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाजासकट. जरा परिणाम होईल असा निवडा.”

“साहेब, माझ्याकडे आहे एक,” मी म्हटलं.

“मला आधी बघायला लागेल?”

“तुमच्याच विभागाचा आहे.”

खूश झाला. बघितला नाही. त्याला फक्त आकडे वाचायची सवय होती, आणि आकडा त्याने विचारला नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी पडद्यावरच्या पानाची मांडणी केली. कुठला रकाना दाखवायचा, कुठला नाही, यासाठी शेजारी छोट्या चौकटी असतात. आठव्या रकान्याची खूण मी काढून टाकली. माझं नाव त्यात आलं असतं तर त्याला बोट दाखवायला जागा मिळाली असती, आणि मला त्याला तसूभरही जागा ठेवायची नव्हती.

हॉल गच्च भरला होता. सरासरी ध्वनिक्षेपक हातात घेऊन अर्धा तास बोलला. विश्वास, तत्परता, प्रत्येक हाक आमच्यासाठी मोलाची. मग म्हणाला, “आता एक खराखुरा फोन बघू या,” आणि माझ्याकडे बोट केलं. मी कळ दाबली.

पडद्यावर पान उघडलं. लिफ्टचा क्रमांक, तारीख, वेळ. आणि हॉलभर त्या बाईचा आवाज, आणि मागोमाग मास्तरांचा. हो हो, थांबतो की.

पहिल्यांदा कळलं ते त्या इमारतीच्या सचिवांना. ते तिसऱ्या ओळीत बसले होते. उभे राहिले आणि म्हणाले, “हे आमचे मास्तर आहेत.” तेवढंच. मग सरासरीने मान वळवून पडदा वाचला. मी त्याच्याकडेच बघत होते. अकरा महिने मी ह्याची वाट बघितली होती, पापणी कशाला लववू? आधी त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस गेला. मग बोबडी वळली.

“हे... हा जुना डेटा आहे. बंद करा, मॅडम. बंद करा ते.”

“तीन मिनिटांनी आपोआप बंद होईल, साहेब,” मी म्हटलं. “तसा नियमच आहे.”

मालकीणबाई पहिल्या ओळीत होत्या. त्यांनी हात वर केला. “वाजू द्या,” म्हणाल्या. मग पडद्याकडे बोट करून, “कुणाच्या टेबलावर वाजला, तिथे काहीच का नाही? आणि लिफ्टचा फोन साध्या रांगेत कुणी आणला? इथे तुमचं पद लिहिलंय.”

“त्या मुलीने फोन ठेवला होता,” सरासरी म्हणाला. “मी चौकशी केली होती. तिला काढलं सुद्धा.”

“फोन तिच्यापर्यंत गेलाच नाही,” मी म्हटलं, आणि चारही पानं एकाखाली एक लावली. चार कोरे रकाने. कुणीतरी मागून त्याला शिवी दिली, चांगली ठेवणीतली. चौथं रेकॉर्डिंग संपलं तेव्हा तो खुर्चीत बसला होता आणि ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळे त्याची धाप सगळ्यांना ऐकू येत होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. दुपारपर्यंत त्याला घरी पाठवलं होतं आणि सचिव पोलिसांत निघाले होते.

मी उड्या मारतच घरी आले. धाकटी आईच्या पायाला तेल लावत होती. मी तिच्यासमोर पानं टाकली, सगळं सांगितलं, त्याचं हसू कसं गोठलं ते करून दाखवलं. आई म्हणाली, “भोग म्हणावं आता!” धाकटीने हात पुसून एकेक पान वाचलं. मग म्हणाली, “आवाज ऐकव.”

तिने चारही फोन ऐकले. दुसऱ्या फोनशी थांबली, मागे जाऊन तेवढंच वाक्य पुन्हा ऐकलं. तुमचा दोष नाही हो. ती रडली, पण मी मनात जसं धरलं होतं तसं नाही. फार हळू रडली, जसं कुणी झोपलंय आणि जागं व्हायला नको.

“हे तुला कधी सापडलं?” तिने विचारलं.

“नवीन यंत्रणा बसवताना.”

“म्हणजे कधी, ताई?”

“एकोणीस दिवस झाले.”

तिने पानं खाली ठेवली. “परवा मी तुला विचारलं होतं. माझा हात लागला असेल का, म्हणून. ह्याच टेबलावर. तू म्हणालीस, भात घे.”

मी म्हटलं, “मला त्याला पकडायचं होतं.”

“पकडलंस ना. आणि मास्तरांच्या बायकोला विचारलंस, चाळीस लोकांना त्यांचा आवाज ऐकवू का म्हणून?” मग तिने पानं पुन्हा उचलली. “इथे एक रकाना कमी आहे. नियम कुणी लिहिला तो. ट्रेनिंगमध्ये दाखवला होता आम्हाला.”

आईने आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मी खोटं बोलू शकले असते. सरासरीने लिहिला म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं, कारण तिला कुणावर तरी विश्वास ठेवायचाच होता.

“मी,” मी म्हटलं. “त्याने सांगितलं, आणि मी लिहिला.”

 धाकटी उठली, तोंड धुतलं, साडी बदलली आणि पानं पर्समध्ये घातली. अकरा महिन्यांत ती एकटी कुठे गेली नव्हती.

“कुठे निघालीस?” आईने विचारलं.

“मास्तरांच्या घरी. सचिव सांगायच्या आत त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. आणि मला माझं तोंड दाखवायचंय त्यांना.”

“थांब, मी येते,” मी चपला शोधायला लागले.

“माझ्याबरोबर नको,” ती म्हणाली. रागाने नाही, राग असता तर मला सोसला असता. “तुझं तू जा, ताई. मी तुझं नाव सांगणार नाही. ते तू सांग.”

ती गेली. दोन तासांनी परत आली आणि आईला म्हणाली, त्यांनी चहा दिला. मला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा तिने तो घेतला. माझ्याशीही बोलते, भाजी काय करू, लाइट गेले का, एवढंच.

सरासरीला चाळीस माणसांसमोर उभं केलं, त्याला मला एकोणीस दिवस लागले, आणि त्याचा चेहरा आठवला की मला अजूनही गोड वाटतं. मास्तरांच्या इमारतीपर्यंत मी दोनदा जाऊन आले. लिफ्ट आता चालू आहे. मी जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले, वर कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला, आणि खाली उतरले. धाकटी त्यांच्याकडे जाऊन आली त्याला आज पाचवा दिवस आहे.